चारशे बारा कोरडे दिवस

"मोदक मऊ होते. सारणात वेलची बेताची. पण पेटीवरची बाई फक्त एकशे ऐंशी दिवसांची निघाली. पुढच्या वेळी तीनशेच्या वरची द्यावी. चार तारे."

हा अभिप्राय कारखान्यातल्या खानावळीच्या भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर आला, तेव्हा अर्पिता भुवड डब्यातली तांदळाची भाकरी मोडत होती. एकशे ऐंशी दिवसांची बाई तिच्या शेजारीच बसली होती. तिचं नाव कल्पना गुजर. वय अडतीस, दोन मुलं, आणि हाताखालून सुटणारा मोदक असा की एकवीस कळ्या मोजून घ्याव्यात.

"लोणचं आहे काय गो मी?" कल्पना म्हणाली. "अजून मुरायला पाहिजे म्हणे!"

टेबलावरच्या बायका हसल्या. अर्पिताही हसली. मग तिने हातातला घास परत डब्यात ठेवला. कुठल्या तरी शहरातला एक अनोळखी माणूस मोदक खाता खाता कल्पनाच्या पोटातलं मोजत होता आणि त्याला ते कमी पडलं होतं.

अर्पिताचा स्वतःचा आकडा त्या दिवशी चारशे बारा होता. चिपळूणजवळच्या औद्योगिक वसाहतीतल्या 'शुभ्रा नैवेद्य' या कारखान्यातला तो सर्वांत मोठा आकडा. त्यामुळे पेट्यांवर, जाहिरातीत आणि फाटकावरच्या फलकावर तिचाच चेहरा होता.

सुरुवात मात्र अशी नव्हती.

अर्पिताला चौदाव्या वर्षापासून पाळी म्हणजे तीन दिवस जमिनीवर लोळणं ठाऊक होतं. गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखं अस्तर तिच्या पोटात गर्भाशयाबाहेरही वाढायचं, आणि दर महिन्याला तेही सुजून दुखायचं. शाळा बुडाली, दोन नोकऱ्या सुटल्या. लग्नानंतर सासूबाई, सुनंदाबाई, त्या तीन दिवसांत तिचं अंथरूण पडवीत टाकायच्या. दुखण्याने ती कण्हत असताना पाण्याचा तांब्या दारातून पुढे सरकवायच्या आणि हात मागे घ्यायच्या.

मग कारखान्यात 'विराम' आली. तांदळाच्या दाण्याहून थोडी मोठी चकती, दंडाच्या कातडीखाली बसवायची. त्या दिवशी कंपनीने आणलेल्या डॉक्टरांनी बायकांना सोप्या शब्दांत सगळं समजावलं होतं, आणि त्यातलं काहीही खोटं नव्हतं. गर्भनिरोधक गोळ्यांच्या जुन्या पाकिटात तीन आठवडे औषधाच्या गोळ्या असायच्या आणि चौथा आठवडा रिकामा. त्या रिकाम्या आठवड्यात औषध तुटल्यामुळे रक्त जायचं. ती खरी पाळी नव्हेच. औषध न तोडता चालू ठेवलं, तर गर्भाशयाचं अस्तर पातळच राहतं आणि बाहेर टाकण्यासारखं काही तयार होत नाही. आत काही साठत नाही, तुंबत नाही. बायका वर्षानुवर्षं अशा गोळ्या घेत आल्या होत्या.

'विराम'मध्ये नवं होतं ते एवढंच, की गोळी आठवणीने गिळायला नको. चकतीत सुईच्या टोकाएवढ्या शेकडो कुप्या होत्या. प्रत्येक कुपीवर सोन्याचा अतिशय पातळ पडदा. बिनतारी संदेश आला की एक सूक्ष्म विद्युतप्रवाह तो पडदा वितळवायचा आणि त्या दिवसाचा डोस रक्तात मिसळायचा. डोस कमी करायचा, वाढवायचा, थांबवायचा, सगळं बाहेरून होत होतं.

बाहेरून म्हणजे कुठून, हे त्या दिवशी कुणी विचारलं नाही.

अर्पिताचं दुखणं थांबलं. चौथ्या महिन्यात एका सकाळी ती अंगणात उभी राहून रडली. नवरा रोशन घाबरून धावत आला, तर ती म्हणाली, "अरे, आज तारीख होती. आणि मी उभी आहे." त्या औषधाला ती कधीच वाईट म्हणाली नाही. पुढे जे घडलं त्यानंतरही नाही.

आकडा नंतर आला. कारखान्याच्या मालकीण मैथिलीताई खातू गोड बोलायच्या, प्रत्येकीला नावाने ओळखायच्या. एका सभेत त्या म्हणाल्या, "आपल्या मोदकांत काय वेगळं आहे? हात. तुमचे हात. देवाला जातं ते कोणत्या हातचं, हे लोकांना कळायला नको?" पुढच्याच महिन्यात पेटीवर चौकोनी खूण आली. फोन धरला की मोदक वळणाऱ्या बाईचा फोटो, नाव, आणि खाली हिरव्या अक्षरांत 'कोरडे दिवस' आणि आकडा. शौचालयातल्या प्रत्येक भांड्यात काचेच्या मण्याएवढा एक संवेदक बसला. रक्ताचा थेंब, आणि कंपनीने मनगटावर बांधायला दिलेल्या पट्ट्यावरून बाई ओळखणं, हे त्याचं काम. संमतीचा कागद टॅबलेटवर होता, एकोणचाळीस पानांचा. सगळ्यांनी बोट लावलं. त्यात 'कुटुंबातील एका व्यक्तीचा फोन' अशी जागा होती. अर्पिताने सासूबाईंचा नंबर लिहिला. अपघात झाला तर कळवतील, असं तिला वाटलं होतं.

सुनंदाबाईंना रोज सकाळी सात वाजता सुनेचा आकडा जाऊ लागला.

आणि सुनंदाबाई बदलल्या. त्या सुनेच्या केसांना तेल लावू लागल्या. देवघराची किल्ली तिच्या कमरेला आली. वाडीत कुणी भेटलं की फोन पुढे करून म्हणायच्या, "बघा, तीनशे चाळीस. आमच्या अर्पिताचं." लग्नाला सहा वर्षं झाली होती. सासूबाईंनी आपल्याला पहिल्यांदा जवळ घेतलं, ते तीनशेव्या दिवशी, हे अर्पिताला बरोबर आठवत होतं. तेल लावताना त्यांची बोटं डोक्यावरून फिरायची, आणि तिला सुखही वाटायचं आणि अंगावर काटाही यायचा.

चारशे बाराव्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीनंतर, तिला डाग पडला.

रुपयाएवढा. तपकिरी. शौचालयाचं दार उघडायच्या आधीच मनगटावरचा पट्टा थरथरला. ती बाहेर आली तर पर्यवेक्षक बाई दारातच उभ्या होत्या. त्या दोन पावलं मागे सरकल्या.

"पट्टा दे. भांड्यांना हात लावू नकोस. सकाळपासूनचे तुझे सगळे मोदक खड्ड्यात जाणार."

"अडीचशेच्या वर आहेत ते."

"तुला सकाळी कळलं नाही?"

अर्पिताने पट्टा काढून दिला. हे एखाद्याला आधी कसं कळावं, हे त्या बाईंना विचारून उपयोग नव्हता. त्यांच्याही पट्ट्यावर आकडा होता.

ती घरी पोचली तेव्हा पडवीत अंथरूण घातलेलं होतं. शेजारी तांब्या. सुनंदाबाई आतल्या उंबऱ्याशी उभ्या होत्या. हातात फोन.

"चारशे बारावर घालवलंस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, हळहळ होती, एखादं भांडं फुटल्यासारखी. "देवघराची किल्ली तिथंच ठेव खाली. मी पाणी टाकून घेते."

रोशन कामावरून आला. त्याने अंथरुणाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "दोन दिवसांचा तर प्रश्न आहे," तो हळूच म्हणाला. अर्पिताने त्याच्याकडे पाहिलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सुनंदाबाई लगबगीने पडवीत आल्या. त्यांनी स्वतः अंथरूण गुंडाळलं, अर्पिताला दंडाला धरून उठवलं, देवघराची किल्ली पुन्हा तिच्या कमरेला खोचली आणि तिला छातीशी धरलं.

"चुकीचा संदेश आलेला गो! हे बघ, कंपनीने माफी मागितलीय. यंत्राचा बिघाड. चारशे तेरा! मला वाटलंच, माझी सून तशी नाही."

अर्पिता त्यांच्या मिठीत ताठ उभी राहिली. सासूबाईंच्या पदराला चंदनाचा वास होता. तिने तोंड फिरवलं.

कारण बिघाड झाला नव्हता. डाग अजूनही येत होता.

कारखान्यात ती तडक मैथिलीताईंच्या खोलीत गेली. ताईंनी तिला खुर्ची दिली, चहा मागवला.

"ताई, कालचे माझे मोदक?"

"गेले."

"खड्ड्यात?"

"वेडी आहेस का? मुंबईला गेले. चतुर्थी चोवीस दिवसांवर आलीय. अडीचशे मोदक मी मातीत घालू?" ताई हसल्या. "आणि मोदकात काय पडलं होतं? काही नाही. तू हात धुतले होतेस, टोपी होती, हातमोजे होते."

"मग आकडा कशाला लावता?"

"लोकांना हवा असतो म्हणून." त्या पुढे वाकल्या आणि तिच्या हातावर हात ठेवला. "अर्पिता, फलकावर तू आहेस. तू शून्यावर आलीस तर सगळा हंगाम शून्यावर येतो. काळजी करू नकोस, तुझा डोस मी वाढवायला सांगितलाय. कालच. डाग थांबेल."

"मला न विचारता?"

"तुझ्याच भल्यासाठी ना."

सकाळपासून डोकं जड का आहे, छाती का दुखतेय, चहाच्या वासाने पोटात का ढवळतंय, ते अर्पिताला तेव्हा कळलं. तिच्या दंडात, तिच्या कातडीखाली, या बाईच्या सांगण्यावरून जास्तीच्या कुप्या फुटल्या होत्या. तोंडावर हात धरून ती उठली आणि ताईंच्या खोलीला लागून असलेल्या न्हाणीघरात धावली.

ओकून झाल्यावर तिने वर पाहिलं. बेसिनखालच्या वेताच्या टोपलीत सॅनिटरी पॅडचं उघडं पाकीट होतं. अर्धं संपलेलं. शेजारच्या डब्यात कागदात गुंडाळलेलं एक वापरलेलं.

ती बाहेर आली तेव्हा ताई फोनवर बोलत होत्या. अर्पिताने त्यांच्या मनगटाकडे पाहिलं. सोन्याची बांगडी होती. पट्टा नव्हता. रोज सकाळी सारणाच्या कढईत चमचा घालून चव घेणारा हात तो हाच.

दुसऱ्या दिवशी सरकारी रुग्णालयातल्या डॉ. नाझनीन परकार यांनी सगळं ऐकून घेतलं. तपासणी केली आणि मग खुर्ची ओढून समोर बसल्या.

"आधी हे ऐक. डाग पडणं घाबरण्यासारखं नाही. सलग औषध घेणाऱ्या पुष्कळ बायकांना मधूनच पडतो. अस्तर फार पातळ झालं की त्यातल्या नाजूक वाहिन्या कुठे कुठे फुटतात. डोस वाढवून तो थांबेलच असं नाही. पुष्कळदा चार दिवस औषध थांबवलं, रक्त जाऊ दिलं आणि पुन्हा सुरू केलं की ठीक होतं."

"मग त्यांनी डोस का वाढवला?"

"चार दिवस रक्त जाऊ देणं त्यांना परवडत नाही म्हणून," डॉक्टर म्हणाल्या. त्यांच्या नाकपुड्या रागाने फुलल्या होत्या. "मी एकवीस वर्षं बायकांना हे औषध देतेय. तुझ्यासारख्यांना तर ते वरदान आहे. एखाद्या चांगल्या औषधाची इतकी घाण करता येते, हे मला आज कळलं."

"मला औषध सोडायचं नाहीय," अर्पिता घाईने म्हणाली. "पुन्हा ते लोळणं नको."

"सोडू नकोसच. तेच औषध गोळ्यांच्या पाकिटात मिळतं. रोज एक. कधी थांबायचं, किती दिवस थांबायचं, ते तू आणि मी ठरवू. दुसरं कुणी नाही. चकती काढायला पंधरा मिनिटं लागतील. कधी काढू?"

"आत्ता."

दंड बधिर केला, लहानसा छेद घेतला. डॉक्टरांनी चकती चिमट्याने उचलून औषधाच्या छोट्या बाटलीत टाकली आणि बाटली तिच्या हातात दिली. आत ती एखाद्या किड्यासारखी दिसत होती.

पुढचे चार दिवस अर्पिता कामावर गेली. पट्टा परत मिळाला होता, तो तिने घातला. पॅड लावलं आणि रोजच्यासारखी उकड मळली. ओटीपोटात थोडं दुखलं, पण सोसण्यासारखं. तिला रीतसर रक्त जात होतं. शौचालयातला मणी ते रोज पाहत असणार. आणि खानावळीतल्या पडद्यावर सर्वांत वर तिचं नाव होतं. चारशे सोळा. चारशे सतरा. चारशे अठरा.

ती जेवता जेवता त्या हिरव्या आकड्याकडे बघायची. आता तिला मळमळत नव्हतं. आता वीट आला होता, त्या पडद्याचा, त्या हिरव्या रंगाचा, त्याखाली येणाऱ्या 'किती पवित्र!' अशा ओळींचा. एकाने लिहिलं होतं, 'या ताईंचा फोटो आम्ही देव्हाऱ्यात ठेवलाय.' पाचव्या दिवशी तिने डॉक्टरांनी दिलेल्या पाकिटातली पहिली गोळी घेतली.

तिने हे फक्त कल्पनाला सांगितलं. कल्पनाने बाटली हातात घेऊन उजेडात धरली.

"म्हणजे तो आकडा आता कुणाचा?"

"कुणाचाच नाही. आपोआप वाढतोय."

"माझ्या दंडातलं पण काढून देतील का गो त्या बाई?"

चतुर्थीला आठवडा उरला असताना एका मोठ्या देवस्थानाचे विश्वस्त कारखाना बघायला आले. वर्षभराच्या नैवेद्याचं काम ठरायचं होतं. मैथिलीताईंनी सगळं थेट प्रक्षेपणावर लावलं होतं. मोदक वळणाऱ्या बायका नव्या पांढऱ्या साड्यांत रांगेत बसल्या होत्या. पुढे अर्पिता.

पाच जण आले. सगळ्यांत वयस्कर गृहस्थांनी तिच्या छातीवरच्या ओळखपत्रासमोर फोन धरला, डोळे बारीक केले.

"हीच का ती? वा. चारशे तीस." ते मागे वळून दुसऱ्याला म्हणाले, "बघा, चेहऱ्यावरच कळतं." मग परातीतला एक मोदक उचलून त्यांनी तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

त्यांच्या ओठाच्या कोपऱ्यातून तूप ओघळलं. ते बघताना अर्पिताच्या पोटातून काहीतरी वर आलं, पण या वेळी ते शब्द होते.

"आकडा खोटा आहे," ती म्हणाली.

मैथिलीताई हसत पुढे आल्या. "अर्पिता जरा लाजाळू..."

"अठरा दिवसांपूर्वी मला डाग पडला. त्या दिवशीचे मोदक मुंबईला गेले. नंतर चार दिवस मला पाळीसारखं रक्त जात होतं आणि मी इथेच बसून मोदक वळत होते. तेही गेले. लोकांनी देवाला दाखवले, खाल्ले, तारे दिले." तिने कमरेला खोचलेली छोटी बाटली काढून परातीशेजारी ठेवली. "ही माझी चकती. दोन आठवड्यांपासून बाटलीत आहे. आकडा वाढतोच आहे."

मग ती मालकिणीकडे वळली.

"ताई, रोज सारणाची चव तुम्ही घेता. तुमचे किती दिवस झाले?"

वयस्कर गृहस्थांचा चेहरा बदलला. त्यांनी तोंडातला घास हातात थुंकला, इकडेतिकडे पाहिलं आणि ते बेसिनकडे धावले. घशात दोन बोटं घालून ते ओकायला लागले. चुळा भरत होते, पुन्हा बोटं घालत होते. तो आवाज सगळ्या दालनात घुमत होता आणि थेट प्रक्षेपणावरही जात होता.

अर्पिताने आयुष्यात पुष्कळ काही पाहिलं होतं, पण इतकं घाणेरडं काही पाहिलं नव्हतं. आणि तिच्या लक्षात आलं, की या माणसाला जशी आपली किळस वाटतेय, तशीच, अगदी तशीच, आपल्याला त्याची वाटतेय. फरक एवढाच की तिच्याजवळ त्यासाठी कारण होतं.

मागून कल्पनाचा आवाज आला. "मी पट्टा काढतेय गो." टेबलावर काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग दुसरा. मग आणखी तीन-चार. सगळ्यांनी काढला नाही. रांगेतल्या निम्म्याहून जास्त बायका मान खाली घालून कळ्या पाडत राहिल्या. घरी कुणाचं काय होतं, ते जिचं तिला ठाऊक.

कारखाना बंद पडला नाही. देवस्थानाचं काम गेलं. चौकशी बसली. मैथिलीताईंनी पत्रक काढलं, की एका असंतुष्ट कर्मचारी महिलेने भाविकांच्या भावना दुखावल्या. फलकावरचा चेहरा बदलला. नवी मुलगी बावीस वर्षांची होती.

घरी त्या दिवशी सुनंदाबाईंनी देव पाण्यात घालून धुतले. देवघराची किल्ली परत घेतली. मग चार दिवस अबोला. पाचव्या दिवशी त्या स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून म्हणाल्या, "आता फोनवर काही येत नाही. मला कसं कळायचं?"

"काय कळायचं?"

"तुझं. आहे की नाही."

"नाही कळणार," अर्पिता भाजी चिरता चिरता म्हणाली. "मी सांगणार नाही, आई. कधीच. पडवीतही झोपणार नाही."

सुनंदाबाई रोशनकडे वळल्या. "तू तरी सांग हिला."

"मलाही माहीत नाही," रोशन म्हणाला. "आणि त्या दिवशी मी तिला पडवीत राहू दिलं, तेच चुकलं माझं."

चतुर्थीला सुनंदाबाईंनी मोदक एकट्याने करायला घेतले. उकड चिरली. पारी फाटली. आरतीला माणसं जमायला लागली होती. त्या घामाघूम होऊन बाहेर आल्या.

"एक शब्द सांग गो. हो की नाही."

"हवे असतील तर वळून देते. तसंच, न सांगता."

सुनंदाबाई आत गेल्या, आणि गोमूत्राची बाटली घेऊन आल्या. "हात पुढे कर. चार थेंब फक्त. माझ्या मनाला बरं."

अर्पिता उठली आणि अंगणात जाऊन बसली. त्या वर्षी भुवडांच्या गणपतीला फाटक्या पारीचे मोदक दाखवले गेले.

गौरीच्या दिवशी नैवेद्याला तांदळाचं घावन आणि नारळाच्या रसातलं गोड घाटलं लागतं. सकाळी अर्पिता विहिरीवरून आली, तर चूल पेटलेली होती आणि बिडाचा तवा तापत होता. सुनंदाबाई पाटावर बसल्या होत्या. जवळपास गोमूत्राची बाटली नव्हती. त्यांनी सुनेच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ, एखादं पुसलेलं अक्षर वाचायचा प्रयत्न करावा तसं. ओठ हलले. पण विचारलं नाही.

त्यांनी पिठाचं पातेलं अर्पिताच्या पुढ्यात सरकवलं आणि स्वतः नारळ खवायला घेतला.